घ्या, ठेवा, पुसा

आमच्या साहेबांनी ‘काढणे’ हे क्रियापद कंपनीत बंद करून टाकलं होतं. तशी नोटीस वगैरे लागली नव्हती. पण आमच्या क्वालिटीच्या खोलीत, म्हणजे शॉपच्या कोपऱ्यात पत्रे ठोकून केलेल्या दहा बाय बाराच्या जागेत, तो शब्द कोणी उच्चारला की साहेब हातातलं मायक्रोमीटर खाली ठेवायचे, चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, “म्हणजे नक्की काय? घ्या, ठेवा, की पुसा?”

प्रश्न फोटोंचा असायचा. कॅमेऱ्यासमोर धरून टिपायचा असेल तर फोटो ‘घ्या’. फोनमधला फोटो कॉम्प्युटरमध्ये न्यायचा असेल तर ‘ठेवा’. फोनमधून कायमचा घालवायचा असेल तर ‘पुसा’. ह्या तिन्ही कामांना आपण मराठी माणसं बिनधास्त ‘काढ’ म्हणतो आणि तरीही एकमेकांचं बोलणं समजल्यासारख्या माना हलवतो, ह्याचं साहेबांना मनापासून नवल वाटायचं. नियम असा होता की जो तो शब्द बोलेल, त्याने त्या दिवसाचे सगळे फोटो फोनमधून कॉम्प्युटरमध्ये न्यायचे. आणि साहेबांच्या पद्धतीने न्यायचे. ज्याने ती पद्धत पाहिली नाही त्याला ही शिक्षा किरकोळ वाटेल.

मी पिंपरीची. माझे वडील तिथल्याच एका कारखान्यात तीस वर्षं मशीनसमोर उभे होते, त्यामुळे साहेब ह्या जमातीबद्दल आमच्या घरात फारसं बरं बोललं जात नसे. वडील म्हणायचे, साहेब दोन प्रकारचे असतात, ओरडणारे आणि हसत हसत ओरडणारे. मला मिळाले ते तिसऱ्याच प्रकारचे निघाले. व्याकरण विचारणारे.

कंपनी चाकणची. गिअरबॉक्समध्ये बसणारे हातभर लांबीचे शाफ्ट आम्ही बनवायचो. शाफ्टला भीती गंजाची. म्हणून त्याला तेल लावायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बांधायचं आणि मग पेटीत. पेटीचं झाकण लागण्याआधी एक फोटो. उद्या माल घेणाऱ्या कंपनीने कुरकुर केली तर आपल्याकडे दाखवायला काहीतरी हवं. त्यासाठी खात्याचा एक फोन होता, एका काठाला तडा गेलेला. आमच्या शेडमध्ये रेंज म्हणावी अशी नव्हती, क्वालिटीच्या कॉम्प्युटरला बाहेरचं इंटरनेट नव्हतं आणि पेनड्राइव्हला बंदी होती. तेव्हा फोनमधून कॉम्प्युटरमध्ये जायचा रस्ता एकच, वायर.

वायरींच्या बाबतीत साहेबांचं पक्कं मत होतं. बऱ्याच वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोन जोडला की बॅटरी भरते, पण फोटो काही इकडचे तिकडे होत नाहीत. बाहेरून बघितलं तर दोन्ही अगदी सारख्या. साहेब म्हणायचे, “ह्या नुसत्या जेवणाऱ्या. ही माझी जेवते आणि कामही करते.” कामाच्या वायरीला त्यांनी लाल टेप लावली होती आणि ती ते स्वतःच्या चष्म्याच्या डबीत ठेवायचे. चष्मा बिचारा शर्टाच्या खिशात, किल्ल्या आणि पेनांच्या संगतीत सुटा. त्याच्या काचांवर इतके ओरखडे होते की केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक पकडणारा हा माणूस त्यातून बघतो कसा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे पुढे ते हे माप माणसांनाही लावायला लागले. खात्यात नवीन कोणी आलं की आठवडाभराने हळूच निकाल द्यायचे. “कामाची वायर आहे.” किंवा, “जेवणारी.” माझ्याबद्दल त्यांनी काय निकाल दिला होता, हे विचारायचं धाडस मला बरेच महिने झालं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

पद्धत अशी. फोन जोडला की तो पडद्यावर विचारतो, नुसतं चार्जिंग करायचं की फाइल पाठवायच्या? साहेब हा प्रश्न रोज मोठ्याने वाचायचे आणि रोज मोठ्याने उत्तर द्यायचे, “फाइल पाठवायच्या.” फोनला लॉक असेल तर कॉम्प्युटरवर फोन दिसतो पण आत काहीच दिसत नाही, म्हणून आधी लॉक उघडायचं. मग त्या तारखेचा फोल्डर करायचा. मग सगळे फोटो निवडून कॉपी. कट कधीच नाही. “कट म्हणजे माल रस्त्यात. मधेच वायर हलली तर ना इकडे ना तिकडे.” आणि वायर हलायचीच, कारण फोनचं तोंड सैल झालं होतं. त्यावर साहेबांनी शोधलेला उपाय म्हणजे त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा. पडद्यावरची हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत ते अंगठ्याने वायर दाबून धरायचे. तेवढ्यात कोणी टेबलाला टेकलं तर, “हलू नका, माल रस्त्यात आहे!”

एकदा नेमके त्याच वेळी प्लांट हेड आत आले. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. साहेबांनी उठायचं तर अंगठा सुटणार. त्यांनी बसल्या जागेवरून डाव्या हाताने सलाम ठोकला आणि म्हणाले, “दोन मिनिटं, सर. एकशे चाळीस झालेत, अठरा राहिलेत.” प्लांट हेडसुद्धा दोन मिनिटं खरोखर थांबले. काय करणार, टेबलाला टेकायचीही सोय नव्हती.

सगळे फोटो पोचले की पहिला, मधला आणि शेवटचा उघडून बघायचा. मग साहेब खोलीत जो कोणी असेल त्याच्याकडे वळून विचारायचे, “पुसू?” त्याने उठून यायचं, ते तीन फोटो कॉम्प्युटरवर आपल्या डोळ्यांनी बघायचे आणि म्हणायचं, “पुसा.” दुसऱ्या माणसाच्या तोंडून ‘पुसा’ आल्याशिवाय फोनमधलं काहीही पुसायचं नाही. खोलीत दुसरं कोणीच नसेल तर साहेब बाहेर जाऊन चहावाल्याला घेऊन यायचे. आमचा चहावाला पुढे पुढे किटली ठेवायच्या आधीच “पुसा, पुसा” म्हणायचा, आणि साहेब त्याला ओरडायचे की आधी बघ.

त्या एका शब्दापायी रोज कोणी ना कोणी सापडायचं. आमचा एक इन्स्पेक्टर लातूरकडचा होता, रहाटणीत चौघांत एक खोली घेऊन राहायचा. साहेबांनी एकदा सहज विचारलं, कसं चाललंय. तो म्हणाला, “काय साहेब, दिवस काढायलोय बघा.”

साहेब सवयीने म्हणाले, “घेताय, ठेवताय, की पुसताय?”

त्याने थोडा विचार केला. “पुसायलोय, साहेब.”

खोलीत कोणी हसलं नाही. साहेबांनी त्याला स्वतःचा चहा दिला आणि त्या दिवशीचे फोटो त्याच्याऐवजी स्वतःच कॉम्प्युटरमध्ये ठेवले. पुढच्या महिन्यात त्याला त्यांनी पहिल्या शिफ्टला घेतलं, म्हणजे संध्याकाळी त्याला पुढचं शिकता येईल. ह्यावर दोघंही कधी बोलले नाहीत.

साहेबांना पुरून उरल्या त्या एकट्या मावशी. मावशी पॅकिंगला होत्या, कंत्राटदाराच्या माणसांत. शेजारच्याच गावच्या. घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, आणि ज्या जमिनीवर त्या शेती करायच्या तिथेच आता त्या डोक्याला जाळी बांधून शाफ्टला तेल लावत होत्या. हे त्यांनी मला सांगितलं तेही अगदी सहज, नकाशा दाखवावा तसं. “आमी हितं बाजरी काढायचो बगा ताई. जितं ते तुमचं मोठं मशीन हाय ना, तितनं आमचा बांध जायचा.”

साहेब आत होते. आतूनच आवाज आला, “घ्यायचो, ठेवायचो, की पुसायचो?”

मावशी दारात जाऊन उभ्या राहिल्या. “बाजरी काय पुसत्यात व्हय, साहेब?”

साहेबांनी दोन दिवस त्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, एक यादी भिंतीवर लागली. मथळा, ‘खालील बाबतीत चालेल’. पहिलं नाव, बाजरी. कंसात, सर्व पिके. मग दिवाळीत त्यात रांगोळी आली. झोप आली, पण फक्त तिसऱ्या शिफ्टनंतर. गळा आला, फक्त पगारवाढीच्या महिन्यात. यादीत काय घालायचं ह्यावर जेवणाच्या सुट्टीत वाद व्हायचे आणि निवाडा मावशी द्यायच्या, कारण यादी मुळात त्यांच्यामुळे आली होती आणि ती त्यांना वरपासून खालपर्यंत पाठ होती.

एकदा मी साहेबांच्या घरी चऱ्होलीला गेले होते. जुनं बैठं घर, आजूबाजूला सात-सात मजली इमारती, आणि त्यांच्या मधोमध साहेबांनी हट्टाने राखलेला मेथी-कोथिंबिरीचा वाफा. काकू म्हणाल्या, “बस गं, पोहे काढते तुला.” मी साहेबांकडे बघितलं. ते शांतपणे पेपर वाचत होते. मी हळूच विचारलं, “साहेब, हे चालतं?”

“घरात मी क्वालिटीत नाही,” साहेब म्हणाले.

काकूंनी पोह्यांची बशी हातात देताना तक्रार केली, की ह्यांच्या फोनमध्ये माझा एक फोटो नाही, जिथे बघावं तिथे लोखंडाच्या कांबी. साहेब पेपरातून डोकं वर न करता म्हणाले, “तू रोज समोर असतेस. शाफ्ट निघून जातात.” काकू आत गेल्या, पण जाताना हसत होत्या.

आता ही बंदी आली कशी ते सांगायला हवं, कारण ती माझ्यामुळे आली.

मला कामाला लागून तीन महिने झाले होते. तेव्हा साहेबही सगळ्यांसारखे दिवसातून पन्नासदा ‘काढा’ म्हणायचे. त्या दिवशी माल न्यायला ट्रक आला होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मी पेट्यांचे फोटो घ्यायला फोन उचलला तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. मी धावत साहेबांकडे गेले. ते ग्राइंडिंग मशीनजवळ उभे होते. तिथल्या आवाजात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मी ओरडून विचारलं, काय करू. ते ओरडून म्हणाले, “अहो मॅडम, फोनमधले आधी काढा! मग नवीन काढा!”

मी परत आले. फोनमधले सगळे निवडले आणि पुसले. तरी जागा होईना. मग लक्षात आलं, पुसलेले फोटो फोन महिनाभर कचऱ्याच्या डब्यात सांभाळून ठेवतो. मी हुशार. तो डबाही रिकामा केला. फोनने विचारलं, कायमचे घालवायचे का, परत मिळणार नाहीत. मी म्हटलं, हो.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, “काढले का?”

“काढले.”

“सगळे?”

“सगळे, साहेब.”

“शाब्बास.”

त्या शाब्बासकीवर मी चार दिवस तरंगत होते. पाचव्या दिवशी तक्रार आली. आधीच्या आठवड्यात गेलेल्या शाफ्टना गंज धरलाय, तेल न लावताच माल पाठवलात, असं माल घेणाऱ्या कंपनीचं म्हणणं. प्लांट हेड आमच्या खोलीत आले. पॅकिंगला कोण होतं, म्हणाले. मावशी होत्या. “कंत्राटदाराला सांगा, उद्यापासून ती बाई नको.”

मावशी दारातच उभ्या होत्या. दोन्ही हात मनगटापर्यंत तेलाने चमकत होते. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्या घरात मिळवणारे हे दोनच हात. त्या म्हणाल्या, “त्याल लावलं व्हतं साहेब. येक बी शाफ्ट कोरडा गेला न्हाई माज्या हातनं.”

साहेब अगदी निवांत होते. “मावशी, घाबरू नका. फोटो आहेत.” मग माझ्याकडे वळून, “मॅडम, मागच्या आठवड्याचे कुठे ठेवलेत?”

“ठेवले नाहीत, साहेब. काढले.”

“काढले ना? मग कुठे आहेत?”

“काढले.”

“अहो, काढून कुठे टाकले?”

“काढूनच टाकले.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलं. ग्राइंडिंग मशीनजवळ ते काय म्हणाले होते आणि मी काय ऐकलं होतं, हे दोघांनाही एकाच क्षणी समजलं. मला त्या क्षणी स्वतःची भीती नव्हती वाटली, हे मी खरं सांगते. मला फक्त ते तेलाचे हात दिसत होते.

मी बोलायला तोंड उघडलं. “सर, ते मी—”

“मी काढा म्हणालो, त्यांनी काढले,” साहेब मधेच म्हणाले. चाळीस वर्षं शहाण्यासुरत्या मराठीत बोलणारा हा माणूस, पण त्या वेळी त्यांच्या तोंडून चऱ्होलीची बोली बाहेर पडली. “तेंची चूक न्हाई. चूक शब्दाची हाय, सर, आन् शब्द माजा व्हता. मला दोन तास द्या. तवर ह्या बाईचं नाव घिऊ नका.”

त्यांनी मावशींना आणि मला कंपनीच्या टेम्पोत बसवलं आणि आम्ही त्या दुसऱ्या कंपनीत गेलो. वाटेत चौकात पाऊण तास अडकलो. मी त्यांना माझी चूक सांगितली. टेम्पोत दुसरं करण्यासारखं होतंही काय. मावशींनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “शब्द तरी केवढा. आन् माज्या पोटावर आला.” त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तिथल्या स्टोअरमध्ये गंजलेले शाफ्ट उघड्यावर पडले होते. पिशव्या बाजूने ब्लेडने फाडलेल्या. मावशींनी एक फाटकी पिशवी उचलून तिच्या तोंडाची गाठ दाखवली. गाठ तशीच होती. ती मावशींची खास गाठ होती, पेंढ्या बांधतात तशी, एका झटक्यात सुटणारी. ज्यांनी उघडलं त्यांनी ती सोडायचेही कष्ट घेतले नव्हते. साहेबांनी स्टोअरवाल्याला विचारलं, “न उघडलेल्या पेट्या आहेत ह्यातल्या?” सहा होत्या. साहेबांनी त्याच्यादेखत एक उघडली, गाठ सोडली, आत हात घालून शाफ्टवरून अंगठा फिरवला. अंगठा तेलाने चिंब झाला. मग स्टोअरवाल्यालाही अंगठा फिरवायला लावला. मी फोन हातात घेतला तर म्हणाले, “राहू द्या. आज फोटोचं नाव नको.”

परतीच्या प्रवासात साहेब तो अंगठा सरळ वर धरून बसले होते. कशालाही लागू दिला नाही. टेम्पोचं दार मावशींनी उघडलं, प्लांट हेडच्या केबिनचं दार मी. टेबलावर तक्रारीचं पत्र पडलं होतं. साहेबांनी त्याच्या कोऱ्या कडेवर अंगठा दाबला. तेलाचा डाग कागदात पसरत गेला. कागद त्या जागी आरपार दिसायला लागला.

“फोटो नाही, सर,” साहेब म्हणाले. “हे आहे.”

प्लांट हेडनी डागाकडे बघितलं. मग त्या स्टोअरवाल्याला फोन लावला. त्याने जे होतं ते कबूल केलं, एवढं त्याचं खरं. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या डोक्याला जाळी बांधून हजर होत्या.

पण रेकॉर्ड गेलं होतं ते गेलंच होतं, आणि त्याबद्दल कोणालातरी ठपक्याचं पत्र मिळणार होतं. ते साहेबांना मिळालं. त्याच वर्षी ते मॅनेजर व्हायचे होते, तेही राहिलं. हे मला साहेबांनी सांगितलं नाही. आठ महिन्यांनी ऑफिसातल्या एकीकडून कळलं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि रडायला लागले. साहेब त्या वेळी अंगठ्याने वायर दाबून बसले होते, त्यामुळे त्यांना उठता येईना. “रडताना टेबलाला टेकू नका,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “तुम्ही जेवणारी वायर असतात ना मॅडम, तर त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आला नसतात.” तो माझा निकाल. वडिलांनी घरात कधी कोणत्या साहेबाचं कौतुक केलं नव्हतं. ही गोष्ट ऐकल्यावर ते म्हणाले, डबा देत जा त्यांना आपल्याकडचा. मग मी दर बुधवारी दोन डबे न्यायचे.

‘घ्या, ठेवा, पुसा’ सुरू झालं ते त्या प्रकरणाच्या दुसऱ्याच दिवशी. खात्यात नंतर आलेल्या लोकांना तो साहेबांचा विक्षिप्तपणा वाटायचा. मी आणि मावशी कोणाला काही सांगत नसू. मला मात्र तो शब्द जिभेवर येईनासाच झाला. घरी, दारी, कुठेच. हे सगळं लिहितानाही दुसऱ्यांच्या तोंडचा आणि त्या वेळचा माझा, तेवढाच मी लिहिलाय.

साहेब मागच्या वर्षी रिटायर झाले. निरोप समारंभ मोठ्या हॉलमध्ये करू म्हटलं तर नको म्हणाले, आपल्याच खोलीत. दहा बाय बारात आम्ही तीस माणसं. शाल, नारळ, सामोसे. चहावाल्यानेही किटली खाली ठेवून साहेबांबरोबर फोटो घेतला. फोटो अर्थातच खात्याच्या त्याच फोनवर. त्याचा आता दुसराही काठ तडकला होता.

साहेबांना भाषण येत नाही. चष्म्याची डबी त्यांनी माझ्या हातात दिली. “वायर मॅडमकडे,” म्हणाले. मग बराच वेळ शालीचे गोंडे चाचपत उभे राहिले. “काही चुकलं-माकलं असेल तर... आणि काय. अधूनमधून आठवण काढत जा.”

साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या आलं होतं, पण अशा वेळी बोलणार कोण.

मावशींनी हातातली सामोशाची बशी खाली ठेवली. “साहेब,” त्या म्हणाल्या. “बाजरी हाय. रांगुळी हाय. झोप हाय, गळा हाय.” भिंतीकडे बघायचीसुद्धा त्यांना गरज नव्हती. “आठवण न्हाई यादीत.”

साहेब भिंतीजवळ गेले आणि ओरखड्यांच्या काचांतून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आठवण खरंच नव्हती. इतक्या वर्षांत ती कोणाला लागलीच नव्हती, रोज सगळे समोर होते. “आता लिहितो,” त्यांनी खिशातलं पेन हातात घेतलं.

“आता न्हाई. आदी फोटू कॉम्प्युटरात ठिवायचे. नेम म्हंजे नेम.” मावशी हटल्या नाहीत.

साहेब हसले. अंगावरच्या शालीसकट खुर्चीत बसले. मी डबी उघडून वायर दिली. फोनने विचारलं, नुसतं चार्जिंग की फाइल पाठवायच्या? “फाइल पाठवायच्या,” साहेब मोठ्याने म्हणाले, आणि अंगठा वायरीवर दाबला. कोणी टेबलाला टेकलं नाही. तीस माणसं त्या खोलीत हिरव्या पट्टीकडे बघत उभी होती. पट्टी भरली, तरी अंगठा तसाच होता. साहेबांनी पहिला फोटो उघडला, त्यात ते नारळ कुठे धरावा ह्या विचारात होते. मधला उघडला, त्यात चहावाला. शेवटच्यात मावशी त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, दोन्ही हात पदराखाली लपवलेले.

“पुसू?” साहेबांनी विचारलं.

कोणी बोलेना. चहावालाही गप्प.

साहेबांनी मान माझ्याकडे वळवली. “मॅडम, पुसू?”

मी उठून आले. तिन्ही फोटो डोळ्यांनी बघितले. पहिल्याच महिन्यांत मी ह्या माणसाचे फोटो पुसले होते आणि त्याची किंमत त्याने मोजली होती, मला कधी न सांगता.

“राहू द्या, साहेब,” मी म्हटलं. “जागा आहे अजून.”

साहेबांनी फोनकडे बघितलं. मग भिंतीजवळ उभ्या मावशींकडे, मग माझ्याकडे. आणि वायरीवरचा अंगठा काढला.